मुलांना लिटर-मिली शिकवायचंय? आधी परात, तांब्या आणि पाणी घ्या

नाशिकच्या सिडकोत घरीच तिसरी ते सहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते मी, आणि दरवर्षी मोजमापांचा धडा आला की तेच दिसतं. "१ लिटर म्हणजे किती मिली?" विचारलं की मुलं झोपेतसुद्धा "हजार" म्हणतील, पण समोर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून "यात किती असेल रे?" असं विचारलं की कोणी ५ लिटर म्हणतं, कोणी २० मिली. आणि ही कच्ची मुलं नाहीत बरं का, धारकतेच्या धड्यावर पैकीच्या पैकी मार्क घेतलेली असतात. कोष्टक पाठ झालंय, पण पाणी हाताने कधी मोजलेलंच नाही, म्हणून असं होतं.

तर हे सगळं लिहितेय ते पहिल्यांदाच मुलाला घेऊन बसणाऱ्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी, आणि नव्याने शिकवणी सुरू केलेल्या ताई-दादांसाठी. रोज अर्धा तास धरला तर साधारण पंधरा दिवस लागतात. एक नियम मात्र मी कधी मोडत नाही, जे मुलाने स्वतःच्या हाताने ओतून बघितलं नाही त्याचं गणित वहीत काढायचं नाही. आधी ओतायचं, मग लिहायचं.

काय काय जमवायचं

एक मोठी परात, म्हणजे सांडलेलं पाणी त्यातच राहील. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, १ लिटरच्या तीन-चार, अर्ध्या लिटरच्या दोन आणि एखादी २०० किंवा २५० मिलीची. औषधाच्या बाटलीवर येते ती खुणा असलेली प्लास्टिकची टोपी. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज, सुई न लावता मागायची. नरसाळं. कागदी चिकटपट्टी आणि पेन. घरातलं फुलपात्र, तांब्या, वाटी, चहाचा कप, मग, बादली. स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर फारच छान, त्याचा उपयोग पुढे सांगते. दुधाचं माप मिळालं तर तेही घ्या, आपलं नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव आहे, भांडीबाजारात चक्कर मारा आणि मुलाला बरोबर न्या, नुसती लहानमोठी भांडी हातात घेऊन बघण्यातच त्याचं निम्मं शिक्षण होतं.

पाणी वाया जाणार नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आमच्याकडे शेवटी परातीतलं सगळं पाणी कुंड्यांना जातं, आणि कोणत्या कुंडीला किती मिली हे मुलंच मोजून घालतात.

अजून एक, बाटलीवर १ लिटर लिहिलंय म्हणजे ती काठोकाठ भरली की १ लिटर असं नसतं. वर थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते, म्हणजे काठोकाठ भरली तर लिटरपेक्षा जास्तच बसतं. हे आधी लक्षात घेतलं नाही तर पुढची सगळी मापं चुकतात आणि मुलाला वाटतं आपलंच गणित चुकलं.

पहिले दोन दिवस आकडे नकोच

मुलाला फुलपात्र द्या आणि विचारा, तांब्या भरायला किती फुलपात्रं लागतील? आधी अंदाज सांगू दे, मग भरू दे. नंतर तोच तांब्या वाटीने भरायला सांगा, मग चमच्याने, चमच्याने पूर्ण भरायची गरज नाही, वीस-पंचवीस चमचे घातले की त्याला स्वतःलाच कळतं की हे संध्याकाळपर्यंत चालणार. आणि नेमका तिथेच पाया पडतो. माप लहान घेतलं तर जास्त वेळा ओतावं लागतं, माप मोठं घेतलं तर कमी वेळा. रूपांतराचं अख्खं गणित या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून माझ्याकडे मुलं ते मोठ्याने म्हणतात, "माप लहान, वेळा जास्त".

दोन मुलं असतील तर आणखी बरं. दोघांना वेगवेगळ्या आकाराचे पेले द्या आणि एकच तांब्या मोजायला लावा. एकाचं उत्तर ५ येईल, दुसऱ्याचं ८, आणि भांडण सुरू होईल की बरोबर कोण. भांडू द्या थोडा वेळ. सगळ्यांचा पेला सारखाच असायला हवा हे मुलांच्याच तोंडून येतं, आणि मग "तो सारखा पेला म्हणजे लिटर" हे सांगायला जागा मिळते.

घरात आजी असतील तर त्यांना याच दिवशी बोलवा. त्यांच्या वेळी धान्य वजनावर नाही तर मापाने मोजायचे, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, मग हळूहळू लिटर-किलो आले, पण गावाकडे अजून मापटंभर तांदूळ म्हणतातच. मुलांना हे ऐकायला आवडतं, आणि दुपटी-दुपटीने चढत जाणारी मापं एकदा बघितली की दहा-शंभर-हजारची मापं सोपी का वाटतात तेही कळतं.

उंच पेला आणि पसरट वाडगा

तिसरीच्या आतली मुलं असतील तर हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुलासमोर दोन सारखी फुलपात्रं सारखीच भरा. मग एकातलं पाणी उंच बारीक ग्लासात ओता, दुसऱ्यातलं पसरट वाडग्यात, आणि विचारा, आता जास्त कुठे? लहान मुलं ठामपणे उंच ग्लासाकडे बोट दाखवतात, आत्ताच दोन्ही सारखी होती हे डोळ्यांनी बघितलेलं असूनसुद्धा. डीएड-बीएड केलेल्यांना पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग आठवेल, साधारण सातव्या वर्षाच्या आसपास ही समज येते. त्यामुळे पहिलीतलं मूल चुकलं तर रागावू नका, त्याचं डोकं अजून तिथे पोचायचंय, इतकंच. परत फुलपात्रात ओतून दाखवा, आणि चार दिवसांनी परत तोच खेळ करा.

मुलाने स्वतःचा लिटर बनवायचा

मला सगळ्यात जास्त आवडणारी पायरी ही, आणि हिच्यावर तीन दिवस गेले तरी चालतील.

सिरिंजने १० मिली पाणी मोजून एका पारदर्शक ग्लासात घालायचं, असं दहा वेळा. झाले १०० मिली. तिथे चिकटपट्टी लावून रेघ मारायची. आता हा ग्लास झाला १०० चं माप. मग लिटरच्या रिकाम्या बाटलीवर वरपासून खालपर्यंत उभी चिकटपट्टी लावायची आणि ग्लासाने १०० मिली ओतायचे, पाणी जिथे येईल तिथे रेघ, बाजूला १००. परत ओतायचे, रेघ, २००. असं करत करत १००० पर्यंत.

दोन गोष्टी होतात आणि दोन्ही चांगल्या. एक म्हणजे रेघांमधलं अंतर सगळीकडे सारखं येत नाही. बाटलीच्या बुडाला खोलगट भाग असतो तिथे वेगळं, मध्ये कंबर आत गेलेली असते तिथे रेघा लांब लांब, सरळ भागात सारख्या. मुलं विचारतातच, असं का? उत्तर देऊ नका, बाटली हातात फिरवून बघायला सांगा. पट्टीने मोजून रेघा मारल्या असत्या तर का चुकलं असतं हे त्यांना आपोआप दिसतं. दुसरी गोष्ट, दहा वेळा ओतूनही पाणी बाटलीच्या खऱ्या लिटरपेक्षा थोडं खाली राहतं, कारण दर वेळी दोन थेंब ग्लासाला चिकटून राहिले, दोन परातीत पडले. माझ्याकडे एका मुलाने तर लगेच शोधून काढलं की ग्लास उलटा करून पाच आकडे मोजायचे, मग शेवटचे थेंबही उतरतात.

डिजिटल काटा असेल तर आता काढा. रिकामी बाटली काट्यावर ठेवून शून्य करायचं, मग पाणी भरायचं. १ मिली पाण्याचं वजन जवळजवळ १ ग्रॅम असतं, म्हणजे काटा १००० ग्रॅमवर आला की पाणी बरोबर लिटरभर. मुलाने चिकटपट्टीवर मारलेल्या रेघा काट्यावर तपासून बघायच्या. ५०० ची रेघ काट्यावर ४८५ निघाली तर रेघ सरकवायची.

पण इथे एक सवय लागू देऊ नका, ती म्हणजे "१ लिटर म्हणजे १ किलो". हे फक्त पाण्याचं. स्वयंपाकघरातली १ लिटर तेलाची पिशवी उचला आणि मुलाला त्यावरचं बारीक अक्षर वाचायला लावा, १ लिटरच्या शेजारी ९१० ग्रॅम असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. तेल हलकं, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. दूध उलट किंचित जड, लिटरभर दूध साधारण १०३० ग्रॅम. मध तर लिटरला १४०० ग्रॅमच्या आसपास जातो. लिटर म्हणजे जागा किती व्यापली आणि किलो म्हणजे वजन किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तेलाची पिशवी हातात धरून जे कळतं ते फळ्यावर लिहून कळत नाही.

डोळा कुठे ठेवायचा

पटकन सांगते. भांडं सपाट जागी, हातात धरून नाही. डोळा पाण्याच्या पातळीला, म्हणजे मुलाने गुडघ्यावर बसायचं. बारीक नळीत पाण्याची कड काचेला थोडी वर चढलेली दिसते आणि मधला भाग खाली असतो, वाचायचं ते खालच्या भागाजवळ. उभं राहून वरून वाचलेला आकडा आणि बसून वाचलेला आकडा दोन्ही लिहायला लावा, फरक त्यालाच दिसेल. पाण्यात शाईचा एक थेंब टाकला की पातळी छान दिसते, पण सिरिंज आणि औषधाची टोपी नंतर खेळातच ठेवा, औषधासाठी परत वापरू नका.

अंदाजाची वही

यानंतर एक छोटी वही करा, तीन रकाने, वस्तू, माझा अंदाज, खरं माप. आमच्या घरचं फुलपात्र १८० मिली भरलं, चहाचा कप १२०, तांब्या ९०० च्या थोडा वर, आंघोळीचा मग लिटरभर, बादली १८ लिटर. तुमच्याकडचे आकडे वेगळे येतील, येऊ द्या, तुमच्या मुलाला तुमच्या घरातला तांब्याच माहीत असायला हवा. एकदा ही चार-पाच भांडी डोक्यात बसली की कुठलाही आकडा समोर आला तरी त्याला अर्थ येतो. "टाकीत ५०० मिली पाणी आहे" असं उत्तर आलं की मूल स्वतःच थांबतं, कारण ५०० मिली म्हणजे अर्धी बाटली, टाकी कशी काय?

आता रूपांतर

इथपर्यंत आठ-नऊ दिवस गेलेले असतात आणि पालकांचे फोन सुरू होतात, "अहो मॅडम, परीक्षा जवळ आलीय, वहीत काहीच नाही". थोडा धीर धरा, खरंच सांगते, आता गाडी भराभर जाते.

लिटरचे मिली करायचे, गुणायचं की भागायचं? मुलं इथेच गडबडतात, कारण त्यांना नियम पाठ करायला दिलेला असतो. नियम सोडा. विचारा, "मिली लहान माप की मोठं?" लहान. "मग वेळा?" जास्त. म्हणजे आकडा वाढायला हवा, म्हणजे हजाराने गुणायचं. मिलीचे लिटर करायचे, माप मोठं झालं, वेळा कमी, आकडा लहान व्हायला हवा, हजाराने भागायचं. उत्तर आल्यावरही हाच प्रश्न परत विचारायचा, आकडा वाढायला हवा होता की कमी व्हायला हवा होता? एवढ्या एका तपासणीने निम्म्या चुका जातात.

मग आपली घरातली नावं आणा. पाव लिटर २५०, अर्धा ५००, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, पावणेदोन १७५०, अडीच २५००, पावणेतीन २७५०, साडेतीन ३५००. इंग्लिश मीडियमच्या मुलांना पाऊण आणि सव्वा येतच नाही, दूधवाल्या काकांनी "सव्वा देऊ का?" म्हटलं की ती आईकडे बघतात. हे शब्द गेले तर मोठं नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं, कारण "पावणेतीन" या शब्दातच तीनला पाव कमी हे गणित करून ठेवलेलं आहे. रोज सकाळी दूध घ्यायला मुलालाच पाठवा, आणि आल्यावर विचारा, किती मिली आणलंस?

चूक कुठे होते ते आता जवळून सांगते. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी येते, अक्षर मोत्यासारखं, गणितात घाई. "३ लिटर ५ मिली म्हणजे किती लिटर?" तिने लिहिलं ३.५. मी काही बोलले नाही. भरलेल्या तीन बाटल्या तिच्यासमोर ठेवल्या, चौथी अर्धी भरली, आणि म्हटलं, हे तू लिहिलेलं. मग तिच्या हातात सिरिंज दिली, "आता गणितात दिलेले ५ मिली काढ." तिने ५ पर्यंत ओढलं, सिरिंज उभी धरून बघितली, मग सगळं पाणी स्वतःच्या तळव्यावर सोडलं. तळवा धड भिजलाही नाही. "एवढंसंच?" म्हणाली, आणि खोडरबर घेऊन स्वतःच ३.५ पुसून टाकलं. ३.००५ कसं लिहायचं ते मी तिला त्यानंतर सांगितलं, आधी नाही.

लिहायची युक्ती अशी, मिलीला नेहमी तीन घरं. शतक, दशक, एकक. ५ मिली म्हणजे ००५, ५० मिली म्हणजे ०५०, ५०० मिली म्हणजे ५००. लिटरच्या पुढे टिंब देऊन ही तीन घरं भरायची, एकही रिकामं सोडायचं नाही. २ लिटर ५० मिली म्हणजे २.०५० लिटर, किंवा सरळ २०५० मिली. पूर्वी हे रुपये-पैशांवरून शिकवायचे, पण आताच्या मुलांनी पैसे बघितलेलेच नाहीत, त्यामुळे ते उदाहरण चालत नाही, सिरिंज आणि बाटलीच बरी.

वजाबाकीतला हातचाही असाच. ३ लिटर ५० मिलीतून १ लिटर २०० मिली काढायचे. पन्नासातून दोनशे जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याकडून एक घेतला, पण तो एक किती? मुलं १० लिहितात नाहीतर १००. इथे शेजारी लिटर आहे, त्याने अख्खी बाटली दिली, म्हणजे १०००. तेव्हा १०५० मधून २०० गेले, राहिले ८५०, आणि २ लिटरमधून १ गेला, राहिला १. उत्तर १ लिटर ८५० मिली. पहिल्यांदा हे खरोखर बाटली उघडून पातेल्यात ओतून करा, दुसऱ्यांदा वहीत.

डेसी, सेंटी, डेका, हेक्टो हे सगळं शाळेत विचारतात, म्हणून कोष्टक पाठ करायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी करा. त्यातल्या डेसिलिटरला मी एक जागा देते. आजोबांचा शुगरचा रिपोर्ट आणायला सांगते, त्यावर आकड्यापुढे मिग्रॅ प्रति डेलि असतं, ते डेलि म्हणजे डेसिलिटर, १०० मिली. घरातला कागद आहे म्हणून लक्षात राहतो.

चमचा, कप आणि औषध

रेसिपीचे व्हिडिओ बघून मुलं आता केक करतात, त्यात छोटा चमचा ५ मिली, मोठा १५ मिली, कप २४० किंवा २५० मिली धरतात. म्हणजे ३ छोटे म्हणजे १ मोठा, आणि १ कप म्हणजे साधारण १६ मोठे. बाळाच्या दुधाच्या बाटलीवर मिलीच्या शेजारी औंसच्याही खुणा असतात, १ औंस साधारण ३० मिली, हेही मुलांना दाखवा. गॅलनची गंमत सांगून पुढे जा, अमेरिकेतला गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटनमधला ४.५४६ चा, नाव एकच.

औषधाबद्दल मात्र थांबून सांगते. माझा मुलगा लहान असताना त्याला ताप आला, डॉक्टरांनी ५ मिली सांगितलं होतं, टोपी कुठेतरी हरवली म्हणून मी दोन दिवस पोह्याच्या चमच्याने दिलं. "एक चमचा म्हणजे ५ मिली" हे मला पाठ होतं ना. नंतर सहज तोच चमचा सिरिंजने मोजला तर ८ मिली निघाला. काही वाईट झालं नाही, पण त्या दिवशी माझे हात थरथरले होते, आणि मोजमाप शिकवायचं तर हातात पाणी देऊनच शिकवायचं हे मी तेव्हापासून धरून ठेवलं. तर औषध फक्त त्या बाटलीसोबत आलेल्या टोपीने किंवा सिरिंजने. आणि मुलांना हेही सांगा की दोन सिरपांच्या बाटल्यांत मिली सारखे असले तरी आतलं औषध कमी-जास्त असतं, म्हणून मिलीचं गणित येतं म्हणून डोस आपण ठरवायचा नाही, तो डॉक्टरच ठरवणार.

पाचवी-सहावीसाठी खोका, रहाड आणि धरण

पुठ्ठ्याचा खोका करा, आतून १० सेंमी लांब, १० रुंद, १० उंच. आत प्लास्टिकची पिशवी बसवा आणि लिटरची बाटली ओता. बरोबर भरतो. हे बघून मुलं टाळ्या वाजवतात, दरवर्षी. म्हणजे १००० घन सेंमी म्हणजे १ लिटर, आणि १ घन सेंमी म्हणजे १ मिली. १ मीटरचा असाच खोका केला तर त्यात १००० लिटर, म्हणजे गच्चीवरची काळी टाकी.

आता आपल्या गावाची गणितं. रंगपंचमीला तिवंधा चौकात, शनि चौकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, उघडतात, मुलांनी त्या बघितलेल्या असतात. समजा एक रहाड २० फूट लांब, २० फूट रुंद आणि ८ फूट खोल आहे. ३२०० घनफूट झाले. १ घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर, हे मुलांनीच काढायचं, फूट म्हणजे ३०.४८ सेंमी, तीनदा गुणा आणि हजाराने भागा. तर रहाडीत ९० हजार लिटरच्या वर पाणी, म्हणजे गच्चीवरच्या नव्वद टाक्या. हे उत्तर आलं की वर्ग एकदम शांत होतो.

पावसाळ्यात पेपरमध्ये येतं, गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, आणि आपण सगळे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कितव्या भागापर्यंत पाणी आलं ते बघायला जातो. क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, २८.३ लिटर, आपली जवळजवळ दीड बादली. १००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८,३०० लिटर, १० हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. पूल ओलांडताना हे मुलाला सांगा, पुराच्या पाण्यात पाय का घालायचा नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि धरण पूर्ण भरलं की साठा ५६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे ५.६३ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). सहावीतल्या मुलांना हे लिटरमध्ये करायला द्या, १५ हजार ९०० कोटींच्या आसपास येतं, शून्यं मोजण्यातच अर्धा तास जातो आणि जाऊ द्यावा.

पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडची मुलं असतील तर त्यांच्या घरात फवारणीचं गणित रोज चाललेलं असतं. लिटरला २ मिली औषध असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली, २०० लिटरच्या ड्रमला ४०० मिली. द्राक्षबागेत पीपीएम हा शब्दही मुलं ऐकून असतात, १ पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० लिटरमध्ये १ ग्रॅम. हे सगळं शाईच्या पाण्याने करायचं, खऱ्या औषधाच्या बाटलीला मुलांनी हात लावायचा नाही, रिकाम्या बाटलीलासुद्धा नाही.

आणि पावसाचं एक, १ चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस पडला की ते बरोबर १ लिटर पाणी असतं. १०० चौरस मीटरची गच्ची आणि १० मिमी पाऊस, अख्खी हजार लिटरची टाकी भरली असती.

कळलं की नाही ते कसं बघायचं

मी लेखी परीक्षा घेत नाही. कधी न मोजलेलं एखादं भांडं समोर ठेवते आणि अंदाज लिहायला सांगते, मग मोजायला, मग लिटर आणि मिली दोन्हीत लिहायला. अंदाज खऱ्या मापाच्या जवळपास आला, म्हणजे २०० च्या जागी १५० किंवा २५०, तर पुढे जायचं. अजून २० नाहीतर २००० म्हणत असेल तर परत परात काढायची, त्यात कमीपणा काही नाही.

मागच्या वेळी मी देवघरातली पळी आणि पंचपात्र ठेवलं होतं. पळी सिरिंजने मोजली, ४ मिली भरली. पंचपात्राचा अंदाज कोणी १०० लिहिला, कोणी १५०. मग मी म्हटलं, भरलेल्या पंचपात्रातून किती पळ्या निघतील ते न ओतता सांगा. सगळ्यांनी पंचपात्र ग्लासाने मोजलं, १२० मिली आलं, आणि त्या घाईवाल्या मुलीने भागाकार मांडायच्या आधी वहीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, "माप लहान, वेळा जास्त", आणि त्याखाली ३०. मग आम्ही पळीने एकेक करत ओतून बघितलं, एकोणतीस झाल्या आणि तळाला थोडंसं उरलं.